दुसरं कार्ड

"फिल्म आपली, तोंडं आपली, मग खोटं कशाला बोलायचं?" टाचणीने पेन्सिल टेबलावर आपटली. "एकेकाने एकट्यानेच खुर्चीत बसायचं, दार लावायचं आणि आपण खरे कोण आहोत ते कॅमेऱ्याला सांगायचं. बस!"

"आणि मी तीन तास बोललो तर?" रेडिओने विचारलं.

"तर बॅटरी बिचारी जीव देईल!" मुंगी म्हणाली.

सुट्टीतल्या लघुपट स्पर्धेसाठी टाचणी, रेडिओ आणि मुंगी अशा टोपणनावांच्या या तिघा दोस्तांनी विषय निवडला होता, 'तेराव्या वर्षी मी कोण?' कॅमेरा मुंगीच्या मामाचा होता. मामा लग्नांचं चित्रीकरण करायचा आणि एरवी स्टुडिओत लोकांचे फोटो काढायचा. त्याने दुपारपुरती मागची खोली दिली, तिघांना तीन जुनी मेमरी कार्डं दिली आणि वर "माझं नाव काढा रे!" असा आशीर्वादही दिला.

टाचणीचा नियम कडक होता. बोलून झालं की आपलं कार्ड आपणच काढायचं, पाकिटात चिकटवून वर सही ठोकायची. पाकिटं रेडिओच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. काय दाखवायचं आणि काय पुसायचं, हे शेवटी तिघांनी मिळून ठरवायचं.

मुंगी खुर्चीत बसली आणि कधी नव्हे ते सगळं बोलून मोकळी झाली. "सगळे म्हणतात, ताईसारखी हो. मला नाही व्हायचं ताईसारखं! घरी कुणी नसलं की मी तिची बक्षिसं भिंतीकडे तोंड करून ठेवते." बाहेर आली तेव्हा तिला फार हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू मुंगीच्या घरात शिरल्या त्या हसतच. "काय गं मुंगे, ताईची बक्षिसं भिंतीकडे फिरवून ठेवतेस म्हणे?"

ताई कपड्यांना इस्त्री करत होती. तिचा हात जागीच थांबला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मुंगीचा आवाज चिरकला.

"अगं, सांगायला कशाला हवं कुणी..."

पुढचं ऐकायला मुंगी थांबलीच नाही! तळपायाची आग मस्तकात गेली होती. डबा कुणाकडे? रेडिओकडे! तोंड कुणाचं बंद राहत नाही? रेडिओचं!

तो डबा घेऊन येताना जिन्यातच भेटला. बरोबर टाचणी होती आणि खालच्या मजल्यावरची दोन-चार मुलंही होती.

"विश्वासघातकी!" मुंगी ओरडली. "माझं गुपित गावभर केलंस!"

"मी? अगं, मी डबा उघडलाच नाही!"

"खोटारडा! तुला गप्प राहताच येत नाही! गप्प बसलास तर परत अडखळायला लागशील म्हणून घाबरतोस ना? रोज आरशासमोर वाक्यं घोकतोस ना?"

ही गोष्ट रेडिओने आजवर फक्त मुंगीला सांगितली होती. त्याने तोंड उघडलं, पण शब्दच फुटला नाही. डबा पायरीवर ठेवून तो खाली निघून गेला.

टाचणीने डबा उघडला. तिन्ही पाकिटं चिकटलेलीच होती आणि सह्या जागच्या जागी होत्या.

"बघ," ती एवढंच म्हणाली. मुंगीला ते "बघ" थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

आता मात्र तिने काकूंना नीट विचारलं. "अगं, काल मी ओळखपत्राचा फोटो काढायला तुझ्या मामाच्या स्टुडिओत गेले होते," काकू म्हणाल्या. "रांग होती. समोर टीव्हीवर तूच बोलत होतीस की!"

टाचणी रेडिओला बोलवायला गेली. तो आला खरा, पण मुंगीकडे न बघता आणि एक अक्षर न बोलता. रेडिओ असा बंद पडलेला कुणी पाहिला नव्हता!

स्टुडिओत गिऱ्हाइकं बाकावर बसली होती आणि टीव्हीवर मुंगी रडवेल्या आवाजात बोलत होती. खाली पाटी होती, 'मुलांच्या मुलाखती सुंदर करून मिळतील.' म्हणजे घरचाच भेदी निघाला! ज्या मामाच्या खांद्यावर बसून ती लहानाची मोठी झाली, त्याने तिचं रडणं दुकानाची जाहिरात म्हणून लावलं होतं. मुंगीला भयंकर वाईट वाटलं.

"पण कार्डं तर आपल्याकडे आहेत!" टाचणी मागच्या खोलीत कुजबुजली.

रेडिओने कॅमेऱ्याच्या कडेचं झाकण उघडलं आणि त्यावर बोटाने टकटक केलं. आत दोन खाचा होत्या. एक रिकामी होती आणि दुसरीत कार्ड होतं! कॅमेरा सगळं दोन्ही कार्डांवर साठवत होता आणि ते मात्र एकच कार्ड काढून नेत होते.

मुंगीने डोळे पुसले, रिकाम्या खाचेत नवं कार्ड घातलं आणि गोड आवाजात हाक मारली, "मामा, आमच्या फिल्ममध्ये एक मोठं माणूस हवंय. तेराव्या वर्षी तू कोण होतास ते सांग ना! कार्ड तुझ्याच हातात देऊ."

मामा खूश! केस विंचरून तो खुर्चीत बसला. मुलं बाहेर गेली. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "मित्राचं चित्र माझं म्हणून स्पर्धेत दिलं होतं गं मी. पहिलं बक्षीस मिळालं. आजवर कुणाला बोललो नव्हतो."

टाचणीने कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. मामाने ते खिशात टाकून वर थोपटलं.

"आणि दुसरं कार्ड?" मुंगीने विचारलं. "ते टीव्हीवर लावू?"

"अगं ए! बाहेर गिऱ्हाइकं बसलीत!"

"माझ्या वेळीही बसली होती, मामा."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "लग्नात एक कार्ड बिघडलं तर पंचाईत नको, म्हणून दोन ठेवतो," तो पुटपुटला. "परवा बघितलं तर तू इतकं छान बोलली होतीस... विचारायला हवं होतं, हे डोक्यातच आलं नाही." त्याने टीव्ही बंद केला, पाटी काढली आणि मुलांसमोरच ते कार्ड पुसलं. "चुकलो गं मी."

एव्हाना आई, काकू आणि ताई धावत येऊन पोचल्या होत्या. सगळं ऐकून आई म्हणाली, "शाबास! आरडाओरडा न करता मोठ्यांची चूक मोठ्यांच्या पदरात घातलीत!"

काकूंनी स्वतःचे कान पकडले. ताई मुंगीच्या कानात म्हणाली, "ती बक्षिसं पुढच्या वेळी दोघी मिळून फिरवू. मलाही त्यांचा कंटाळा आलाय."

पण मुंगीला ती शाबासकी घशाखाली उतरेना. ती सगळ्यांसमोर रेडिओपुढे जाऊन उभी राहिली.

"मामाने विचार न करता केलं. मी तर तुला लागावं म्हणूनच बोलले. माझं चुकलं."

रेडिओने श्वास घेतला. "म... म..."

मामा मदतीला म्हणून तोंड उघडणार, तोच मुंगीने त्याचा दंड घट्ट धरला.

"म... मला अजून राग आहे," रेडिओ म्हणाला. "पण ते अ... अडखळणं माझं आहे. फिल्ममध्ये मीच सांगणार. तू कॅमेऱ्यामागे उभी राहा. आणि म... मध्ये बोलू नकोस!"

कॅमेऱ्यासमोर ते सगळं सांगायला त्याला पुरती वीस मिनिटं लागली आणि मुंगी शेवटपर्यंत एक शब्दही बोलली नाही.