डाव्या कुशीवरची तलवार

सेनापतीची तलवार हवेत फिरली की सूं व्हायला हवं आणि ढालीवर आदळली की खण्ण. काम एवढंच होतं. नाटक मंडळीत जिला सगळे ‘शस्त्रमंत्री’ म्हणून चिडवत, ती बाई गेली नऊ वर्षं हेच करत आली होती. प्लास्टिकचा पाइप, त्यावर फोम, त्यावर चंदेरी रंग. मुठीत नखाएवढा सेन्सर, छोटासा स्पीकर आणि आवाजांचं मेमरी कार्ड. सेन्सर ती कधी विकत आणत नसे. बिघडलेली खेळणी, फुटके मोबाइल, टाकून दिलेले गेमचे रिमोट, सगळ्यांच्या पोटात हालचाल ओळखणारा तो तुकडा असतोच. तो काढायचा आणि मुठीत बसवायचा. आवाजही घरचेच. सूं म्हणजे दोरीला बांधून गरगर फिरवलेली पट्टी, खण्ण म्हणजे पातेल्यावर हाणलेला झारा.

या वेळी मात्र तिचा डबा रिकामा होता. प्रयोग परवावर आलेला, आणि टेबलाच्या खणात चालू सेन्सर एकच, बाबांच्या कमरेच्या पट्ट्यातला.

माणूस पडला की हा पट्टा कोकलून घर डोक्यावर घेणार, अशी त्याची ख्याती. पाच महिन्यांपूर्वी भर दुपारी बाबा मागच्या खोलीत पडले आणि पट्टा गप्प बसला. घरात तिचा थोरला भाऊ होता, पण बाहेरच्या खोलीत, संवाद पाठ करत. तो आत गेला तेव्हा सगळं संपलं होतं. “एका क्षणात गेले गं. त्यांना कळलंही नसेल,” असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ती त्या वाक्याला घट्ट धरून होती. राग सगळा पट्ट्यावर. तिने कंपनीला चार पत्रं लिहिली. चौथ्याला उत्तर आलं, सोबत तपासायला पाठवलेला पट्टा. यंत्र उत्तम चालू आहे. वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तम चालू आहे म्हणे! मग त्या दुपारी काय रजेवर होतं?

तिने पट्टा टराटरा उसवला. बटण, भोंगा, वायरी छाटून कचऱ्यात टाकल्या आणि सेन्सर चिमट्यात धरला.

“मेल्या, तेव्हा वाजला नाहीस,” ती त्याला म्हणाली, “आता वाज.”

रागाच्या भरात एक पायरी राहून गेली. सेन्सर बसवला की तलवार टेबलावर दहा सेकंद सपाट आणि अगदी स्थिर ठेवावी लागते. तेव्हा कुठे त्याला कळतं की स्वस्थ असणं म्हणजे काय. ते न करताच तिने मूठ चिकटवून टाकली.

मग तलवारीने तिला उच्छाद आणला. टेबलावर ठेवली, सूं. खुंटीला टांगली, सूं. उलटी केली तरी सूं. दात-ओठ खात तिने ती हवी तशी वळवून पाहिली. शेवटी पातं डाव्या बाजूवर, मूठ बोटभर उचललेली, खाली लाकडाची चीप, अशी ठेवल्यावर ती गप्प झाली. “नखरे बघा बाईसाहेबांचे,” ती पुटपुटली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

डावी कूस. कंबर जराशी वर. एक हात अंगाखाली. बाबा असेच सापडले होते.

ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. सेन्सरला आधीचं ‘स्वस्थ’ अजून आठवत होतं, बस. तिने मूठ उकलली, तलवार सपाट ठेवली आणि राहिलेली पायरी पुरी करायला सेकंद मोजू लागली.

सातव्याला आवाज आला. थप.

उघडा तळवा फरशीवर मारल्यासारखा. त्याच्या पाठोपाठ बारीक टक्, अंगठी टेकल्यासारखं.

तिने कार्ड काढून संगणकाला लावलं. त्यात तिचेच तीन आवाज होते: उपसण्याचा, फिरण्याचा, आदळण्याचा. तिने नवं कार्ड घातलं आणि पुन्हा मोजायला लागली. थप-टक्, थप-टक्. जरा थांबून तिसरी.

बाबा कधी हाक मारत नसत. जेवायला वाढा, दार उघडा, टीव्ही बारीक करा, सगळं काही टेबलावर अंगठीच्या हाताने दोन थापा आणि जरा थांबून तिसरी. घरातले त्यांना ‘तारमास्तर’ म्हणून चिडवायचे.

ती खुर्चीत बसून ऐकत राहिली. घड्याळ समोर होतं. थापा हळूहळू विरळ झाल्या, मग त्यांतली तिसरी येईनाशी झाली. चाळीस मिनिटांनी सगळं थांबलं.

एका क्षणात गेले म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रंगमंचावर तालीम होती. सेनापती दादाच होता. तलवार तिने स्वतः त्याच्या हातात दिली.

“जड वाटतेय गं,” तो म्हणाला.

“आहेच,” ती म्हणाली.

लढाई झकास झाली. सूं जागच्या जागी, खण्ण जागच्या जागी. “वा, मंत्री!” खालून दिग्दर्शक ओरडले. मग सेनापती रणांगणात एकटा, तलवार आडवी धरून निश्चल उभा राहतो तो प्रसंग आला.

थप-टक्.

“हा कसला आवाज? मंत्री, बंद करा तो!”

ती विंगेतून हलली नाही.

थप-टक्. जरा थांबून, थप.

दादाने तलवारीकडे पाहिलं नाही. त्याचा अंगठा मुठीच्या टोकाला, आतल्या बाजूला सरकला आणि तिथे दाबून राहिला. ओठ हलले. एक, दोन, तीन.

आवाज थांबला.

मुठीच्या त्या टोकाला नुसता फोम होता. बटण पट्ट्याला होतं, आतल्या बाजूला, चाचपूनच सापडेल असं. उगाच वाजायला लागला तर तीन सेकंद दाबून धरायचं. त्या यंत्राला मी कधी हातसुद्धा लावला नाही, असं दादा नेहमी सांगायचा.

ती चालत रंगमंचावर आली.

“वाजला होता तर.”

“तालीम चालू आहे,” दादा म्हणाला.

“वाजला. तू आत गेलास. त्यांच्या कमरेशी वाकून तो बंद केलास.”

“रोज वाजायचा गं. दिवसातून दहा वेळा. नुसते वाकले तरी...”

“खाली पडलेले होते ते, दादा!”

“काही बोलले नाहीत.” त्याचा आवाज अगदी लहान झाला. “मला वाटलं, उठतील आपले आपण. दुसऱ्या दिवशी माझा पहिला प्रयोग होता.”

“चाळीस मिनिटं थापा मारत होते. मी मोजलीयत.”

“बास!” त्याने तलवार फेकली. ती फळ्यांवर घसरत गेली आणि डाव्या बाजूवर थांबली. गप्प.

खालून दिग्दर्शकांना धड काही ऐकू गेलं नव्हतं. “घरचं घरी भांडा,” ते वैतागून म्हणाले. “सैनिक, चला. सेनापतीला घेरा.”

आठ सैनिक भाले सावरत आले. नेहमीसारखं गोल कडं करून उभे राहिले.

कडं गोल नव्हतं. दादाच्या पायाशी ते बाहेर फुगलं होतं, माणूसभर लांबीची जागा मोकळी सोडून. कुणालाच ते जाणवलेलं दिसत नव्हतं.

“शेवटचा, मागे काय उभा राहतोस? ये पुढे!” दिग्दर्शक ओरडले.

शेवटचा सैनिक दादाकडे बघत पुढे निघाला. मोकळ्या जागेपाशी त्याने खाली न बघताच पाय उंच उचलून पलीकडे टाकला, आणि हळूच म्हणाला, “माफ करा हं, काका.”