नेट गेलं, तेव्हा सगळे बाहेर आले!

“आणखी एक! बघ, आणखी एक!” शिवानीने फोन गादीवर आपटला. “आता शकूमावशीच्या फोटोला उंदराचे कान लावलेत!”

तिचा धाकटा भाऊ ऋतुराज वाकून बघायला लागला. दिवा गावातल्या त्यांच्या ‘ओमछाया’ बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळपासून हाच तमाशा चालला होता. आठवडाभर नळ कोरडे होते. काल तिसऱ्या मजल्यावरच्या प्रितमदादाने तळमजल्यावरच्या शकूमावशीचे भरलेले ड्रम तिच्या खिडकीतून शूट केले आणि वर लिहिलं, ‘पाणीचोर सापडली!’ रात्रीत तो व्हिडिओ अख्ख्या दिव्यात फिरला. मावशीकडून जेवणाचे डबे घेणाऱ्यांनी डबे बंद केले. कुणीतरी तिच्या दारावर चिखल फेकला. आणि आज संध्याकाळी मीटिंग होती. मावशी भाडेकरू, तेव्हा तिला खोली सोडायला लावायची!

“सगळं खोटं आहे!” ऑलिव्हर म्हणाला. तो बाळकुमहून सुट्टीसाठी चौथ्या मजल्यावर जॉर्जिना आजीकडे आलेला. “मावशी पहाटे गावातल्या विहिरीवरून पाणी आणते. हातगाडीवर! मी स्वतः गेलेलो तिच्याबरोबर. आजीचा पाय मोडलाय ना, म्हणून आमचं पाणीसुद्धा तीच वर चढवते.”

“तेच तर लिहितेय मी ग्रुपवर, कालपासून!” शिवानी कडाडली. “कुणी वाचलं? नुसते हसणारे चेहरे टाकतात. आणि कुंडलिककाका, सेक्रेटरी म्हणे! मला लिहितात, ‘लहान मुलांनी मध्ये पडू नये’!”

रात्री ती नीट झोपली नव्हती. डोळे चुरचुरत होते, अंगठे दुखत होते. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिने तो झडप घालून उचलला आणि दातओठ खात टाईप करायला लागली.

“बस कर ना!” ऋतुराज वैतागला. “तू लिहितेस, ते चिडवतात, तू परत लिहितेस. त्याने मावशीला एक थेंब तरी मिळाला का?”

त्याला एक ठेवून द्यावी असं शिवानीला वाटलं. पण पोरगं खरं बोलत होतं! ती उठली, फोन बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खुपसला.

“तुमचेपण द्या. पाणी कुठे जातंय ते कळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही!”

“अगं, माझा गेम चालू...” ऑलिव्हर म्हणाला.

“ऑलिव्हर!”

“घे बाई, घे!”

तिघं जिन्यात येऊन बसले. ऑलिव्हरचा हात सारखा खिशाकडे जात होता. ऋतुराज नखं कुरतडत होता. प्रत्येक दाराआडून रील्सचं तेच ते खोटं हसू ऐकू येत होतं. शिवानीचा संताप काही उतरत नव्हता. पण आता तिला लगेच कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, आणि बऱ्याच वेळाने तिच्या डोक्यात विचाराला जरा जागा झाली.

घर्र्र्र! खाली आपोआप चालू होणारा पंप सुरू झाला.

“थांबा!” ऋतुराज उठला. “पंप पाणी चढवतोय. म्हणजे खालच्या टाकीत पाणी आहे! मग नळाला का नाही?”

“शू!” शिवानीने भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडे काहीतरी धो धो कोसळत होतं. “रोज येत असणार हा आवाज. आपल्या कानांत मात्र इयरफोन!”

तिघं धावत बिल्डिंगच्या मागे गेले. तिथल्या अरुंद बोळात कुणी फिरकत नसे. गच्चीवरून उतरलेल्या जाड पाईपातून पांढरंशुभ्र पाणी थेट नाल्यात पडत होतं!

“हा टाकीच्या बुडाचा पाईप,” ऑलिव्हर म्हणाला. “टाकी धुतली की घाण पाणी सोडायला असतो. आमच्या बिल्डिंगमध्येपण आहे. वरचा कॉक उघडा राहिलाय!”

“टाकी गेल्या आठवड्यात धुतली,” शिवानी सावकाश म्हणाली. “प्रितमदादाने! टाकीत नाचतानाचा रील टाकला होता त्याने.”

गच्चीची चावी प्रितमकडेच होती. तो दारात व्हिडिओच्या गोल लाईटसमोर केस सारखे करत होता.

“दादा, चावी दे! टाकीचा कॉक...”

“ए, बाजूला हो! लाईव्ह आहे मी!”

“अरे, पाणी वाया जातंय!”

“पाणी कुठे जातंय ते सगळ्यांना माहितीये. जा, खेळा!” आणि धाडकन दार बंद!

कुंडलिककाकांनी तर फोनमधून मानसुद्धा वर केली नाही. “ग्रुपवर टाक. बघतो.”

“ग्रुपवर टाक?” शिवानी फणफणत बाहेर आली. तिची नजर जिन्याखालच्या नेटच्या पेटीवर गेली. हिरवे दिवे लुकलुकत होते. बिल्डिंगमध्ये मोबाईलला रेंज नसायची, सगळ्यांचं नेट त्या पेटीतून.

“ऋतू, ते बटण दिसतंय?”

“मार बसेल, ताई!”

“बसू दे!”

खट्!

सगळ्या दारांमागचं हसू अर्ध्यात तुटलं. मग धडाधड कड्या निघाल्या. “नेट गेलं! ए, नेट गेलं!” बघता बघता जिना माणसांनी भरला. प्रितमसुद्धा धावत आला.

“मी बंद केलं!” शिवानी ओरडली. “आठवडाभर पाणी नव्हतं, तेव्हा आलात का असे खाली? एका बाईला चोर ठरवलंत ते बसल्या जागेवरून!”

“फार शेफारलीस तू!” कुंडलिककाकांनी हात उगारला.

“कुंडलिक!” वरून जॉर्जिना आजीचा आवाज घुमला. “हात खाली! पोरं काय सांगतात ते आधी बघून ये.”

सगळी वरात मागच्या बोळात गेली. नाल्यात पडणारं पाणी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. प्रितमने वर जाऊन गच्ची उघडली. ऋतुराज टाकीखाली सरपटत शिरला आणि दोन्ही हातांनी कॉक पिरगाळला. धो धो थांबलं! थोड्या वेळाने खालून कुणीतरी ओरडलं, “नळाला पाणी आलं!”

“मला माहीत नव्हतं,” प्रितम पुटपुटला.

“तू बघितलंच नाहीस!” शिवानी उसळली. “टाकीत नाचलास, कॉक नाही बघितलास. ड्रम बघितलेस, मावशीला एका शब्दाने विचारलं नाहीस!”

“डिलीट करतो ना...”

“कुठून कुठून करशील? अख्ख्या दिव्यात फिरलाय!”

कुंडलिककाका खाकरले. “चुकलं आमचं. शाबास, मुलांनो! डोळे उघडलेत. उभे राहा बघू, ग्रुपवर एक फोटो...”

शिवानीने त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. “फोटो नको. मावशीच्या दारात चला.”

दारावरचा चिखल वाळला होता. मावशीने फट उघडली. एवढी माणसं बघून ती आधी दचकलीच. काकांनी हात जोडून माफी मागितली. प्रितम मान खाली घालून उभा राहिला.

“मला एकटीला काय सांगता?” मावशी म्हणाली. “जिथे जिथे चोर म्हटलंत, तिथे जाऊन सांगा. तोंडाने. घरोघरी.”

प्रितम निघाला. काका त्याच्यामागे. मावशीने ऋतुराजच्या डोक्यावरून हात फिरवला, ऑलिव्हरचा गाल ओढला. “माझ्यासाठी भांडलात रे पोरांनो. एवढी मोठी माणसं होती, एकानेही माझं दार वाजवून विचारलं नाही.” मग शिवानीकडे बघून तिने विचारलं, “अजून रागावलीयेस?”

“हो! खूप!”

“असू दे. रागावूनच ये आत. पोळ्या गरम आहेत.”

तिघं जेवायला बसले. बाहेर गल्लीतून प्रितमचा पडलेला आवाज येत होता, “काकू, तो व्हिडिओ खोटा होता. माझीच चूक...” एक दार आपटलं. मग पुढचं दार वाजलं.