कलसूबाईची चिठ्ठी

१९३४ सालच्या एप्रिलात मराठी सातवीच्या फायनल परीक्षेत हिरामण म्हात्रेच्या दौतीखाली चिठ्ठी सापडली. दोनच दिवसांनी त्याची आई सोनूबाई रावजी दळवींच्या ओटीवर येऊन बसली.

रावजी पोलिसातली नोकरी सोडून खासगी तपास करत. त्यांचे स्नेही दत्तात्रेय टिपणीस वकिलाकडे कारकून होते. कायदा त्यांना तोंडपाठ होता, माणसं मात्र उशिरा कळत. त्यांनी सोनूबाईपुढे तांब्या ठेवला.

"पानी नको. आदी माजा आयका," ती म्हणाली. "माजा पोर चोर नाय."

मिठागरात राबून तिने मुलाला शिकवलं होतं. जूनपासून त्यांच्याच गावच्या शाळेत मास्तरची एकुलती एक जागा भरायची होती, आणि त्यासाठी फायनल पास व्हावं लागे. चोरी शाबीत झाली की दोन वर्षं परीक्षेला बंदी, म्हणजे जागा हातची गेली. आई म्हटलं की असंच बोलणार, असं दत्तात्रेयांना वाटलं.

हिरामण शब्द तोलून बोलला. चिठ्ठी त्याची नव्हती. परीक्षेत देखरेखीला होते ते बाळाजी मास्तर त्याचेच गुरुजी. "'ण'च्या जागी 'न' आला की छडी बसायची," तो म्हणाला. "अजून लिहिताना हात दचकतो."

शेजारच्या बाकावर मास्तरांचा भाचा चंदर होता. मध्येच आपण हिरामणच्या दौतीत टाक बुडवला, हे त्याने आपणहून सांगितलं. त्याच जागेवर त्याचाही डोळा होता. दत्तात्रेयांनी मनातल्या मनात त्याला गुन्हेगार ठरवूनही टाकलं.

मोरू शिपाई तेव्हा वर्गात पाणी देत होता. "मास्तरांनी घडी उलगडलीच न्हाय," तो म्हणाला. "तशीच पाकिटात घातली, माझ्यासमोर लाख लावली. नियमच हाय तसा." पाकीट आणि अहवाल तिथूनच त्याने शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांच्या कचेरीत पोचवले होते.

बाळाजी मास्तरांनी चहा मागवला आणि अहवालाची नक्कल दाखवली. 'उमेदवाराच्याच अशुद्ध बोलीतील चिठ्ठी मिळाली,' असं तीत होतं. ह्या लोकांना शिकवून काय उपयोग, म्हणून ते हळहळले. दत्तात्रेयांना मास्तर फार सज्जन वाटले.

दुसऱ्या दिवशी डेप्युटींच्या कचेरीत सगळे जमले. रावजींनी चिठ्ठी आणि हिरामणची उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवायला सांगितली. चिठ्ठीत होतं 'कलसूबाई', 'पानी', 'कोनती'. उत्तरपत्रिकेत होतं 'जमीण', 'धाण्य', 'राजधाणी', 'जंगळ'. रावजींनी एकेका शब्दावर बोट ठेवलं.

"चिठ्ठी लिहिणाऱ्याला ही माणसं कशी बोलतात एवढंच ठाऊक आहे," ते म्हणाले. "हिरामण कसा लिहितो, ते नाही. छडीच्या धाकाने हा पोरगा शंका आली की 'न'चा 'ण' करतो, 'ल'चा 'ळ' करतो. 'कलसूबाई' त्याच्या हातून उतरणारच नाही."

"मग चंदरच," दत्तात्रेय म्हणाले.

"पाकीट मोरूसमोर बंद झालं आणि अहवालही त्याच्याच हाती गेला. मग न उलगडलेल्या चिठ्ठीतली बोली अहवालात आली कुठून? मजकूर आधीच माहीत होता म्हणून. मास्तर, चार वर्षं तुम्ही ह्याला छडी मारलीत. त्याची वही एकदा तरी नीट पाहायची होतीत."

भाच्याची सोय लावायची होती, एवढंच मास्तर पुटपुटले. डेप्युटींनी हिरामणवरचा आरोप तिथेच रद्द केला. मास्तरांची फक्त बदली झाली.

जूनमध्ये निकाल लागला. चंदर पास झाला, हिरामण दोन गुणांनी नापास. दत्तात्रेय संतापून कचेरीत गेले, तेव्हा त्यांच्यापुढे उत्तरपत्रिका टाकण्यात आली. 'जमीण', 'धाण्य', 'राजधाणी', 'जंगळ'. रावजींनी बोट ठेवलेल्या त्याच शब्दांभोवती तांबड्या शाईची वर्तुळं होती. शुद्धलेखनाचे आठ गुण कापले होते, अगदी नियमाप्रमाणे.

संध्याकाळी मायलेक ओटीवर आले. रावजी आतून बाहेरच आले नाहीत, म्हणून दत्तात्रेयांनीच सगळं सांगितलं.

"म्हंजे चोर नाय ना तो?" सोनूबाईने विचारलं.

"नाही."

"तरी जागा चंदरलाच?"

दत्तात्रेयांनी मानेनेच हो म्हटलं. त्यांना शरम वाटली आणि त्यांनी तांब्या पुढे केला. सोनूबाई प्यायली. मग हिरामणने हात पुढे केला. ह्या खेपेला त्याने शब्द तोलला नाही.

"मना पन पानी द्या," तो म्हणाला.