बडवून दाखवलेलं हेल्मेट

धाडकन!

बॅट हेल्मेटवर बसली आणि खेळसाहित्याच्या त्या दुकानातली झाडून सगळी गिऱ्हाइकं जागच्या जागी उडाली.

"बघितलंत? साधा ओरखडा नाही!" विक्रेता लांबू म्हणाला. दर गिऱ्हाइकाला माल असा बडवून दाखवायचा, हा शेठचा नियमच होता. डंबेल्स पायावर टाकून दाखवायचे तेवढे हल्ली बंद केले होते.

रॅकेटांच्या मांडणीआडून मुंगी हे बघत होती. शेजारी तिचा चुलतभाऊ दादा आणि दोघांचा मित्र ढोल. सुट्टीतल्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच चेंडूला दादाचं याच दुकानातलं नवंकोरं हेल्मेट अंड्यासारखं फुटलं होतं. कपाळाला टाके पडले. तक्रार केली तर शेठ म्हणाले, "आमचा माल फुटत नाही. तुझं डोकंच टणक असेल!"

आणि काकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, फर्मान काढलं, "क्रिकेट बंद! कायमचं!" आत्ताही ते गल्ल्यापाशी उभे राहून दादासाठी बुद्धिबळाचा पट निवडत होते. दादाचा चेहरा बघवत नव्हता.

लांबूने हेल्मेट फडक्याने लख्ख पुसलं, खोक्यात घातलं आणि पुन्हा विक्रीच्या फळीवर ठेवलं. दुसरं गिऱ्हाईक आलं. तेच खोकं. धाडकन!

मुंगीचे डोळे चमकले. "ढोल, तुझा भाऊ तुला रोज बदडतो ना? पण तू तर धडधाकट दिसतोस!"

"वरून गं!" ढोल उसासा टाकून म्हणाला. "आतून मी पार खचलोय."

"सापडलं!" मुंगी ओरडली आणि थेट गल्ल्यावर गेली. "शेठ, तुमची हेल्मेटं विकायच्या आधीच मार खाऊन आतून मोडतात! दादाचंही तसंच मोडलं होतं!"

"मुंगे, मोठ्यांशी असं बोलतात?" काका गरजले.

शेठ लाल झाले. त्यांनी तेच हेल्मेट हिसकावून स्वतःच्या डोक्यावर चढवलं. "लांबू! हाण!"

"खरंच, साहेब?"

"पूर्ण ताकदीने हाण!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी लांबूला एवढी आनंदाची आज्ञा कधी दिली नव्हती. त्याने हातातली बॅट ठेवून जास्त जड बॅट घेतली. बाह्या सरसावल्या.

मुंगीला आता फक्त गप्प बसायचं होतं. एक फटका, की दादा खरा ठरला! पण तिला मैदानातलं ते लाल झालेलं गवत आठवलं.

"नको!" तिने शेठच्या गुडघ्यांवर झेप घेतली. शेठ आडवे झाले. मदतीला धावलेला ढोल पाय अडकून त्यांच्या पोटावर पडला. बॅट त्यांच्या डोक्यावरून सणसणत गेली आणि काचेच्या कपाटात घुसली. खळ्ळ!

"माझं पोट!" शेठ विव्हळले.

"पोट बरं होईल! फुटलेलं डोकं नाही!" मुंगीने ते हेल्मेट काढून दारातल्या फुटबॉलपटूच्या पुतळ्याला घातलं. "आता हाणा!"

लांबूने जरा हिरमुसूनच हाणलं.

फाडकन! हेल्मेटचे दोन तुकडे झाले. पुतळ्याचं मुंडकं उडालं, बॅडमिंटनचं जाळं फाडून गेलं आणि गडगडत काकांच्या पायाशी थांबलं. ते अजूनही हसत होतं.



शेठनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं चाचपलं. ते होतं.

"लांबू, अशी किती हेल्मेटं बडवलीस?"

"सगळीच, साहेब. तुम्हीच म्हणालात, गिऱ्हाइकाची खात्री पटवायची."

"उतरव सगळी! ज्यांना विकलीत त्यांना आत्ताच्या आत्ता फोन लाव!" मग शेठ दादासमोर उभे राहिले. "माझं चुकलं रे. टणक डोकं माझंच. आणि पोरी, आज ते तुझ्यामुळे धडावर आहे."

काकांनी मुंगीच्या पाठीवर थाप मारली. मग आणखी एक मारली. ती दोन पावलं पुढे गेली.

"शाब्बास! घरात डोकं चालवणारं कुणीतरी आहे म्हणायचं!"

मग त्यांनी बुद्धिबळाचा पट हळूच गल्ल्यावर ठेवला आणि दादाकडे न बघताच म्हणाले, "टाके निघाले की मैदानावर ये. पहिला चेंडू मी टाकीन."

काकांना चेंडू टाकता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. पण दादाने फळीवरचा एक चेंडू उचलून त्यांच्या हातात ठेवला.