अकरा नंबरचं पाणी

फैजपूरच्या अलीकडे, मोर नदीच्या काठाला सात जणांच्या केळीबागा एकमेकींना लागून होत्या. सातांनी मिळून एक विहीर खोल केली, मोठी मोटर बसवली आणि शहाण्णव साली जळगावहून एक कॉम्प्युटर आणून पंपघरात ठेवला. बागेबागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या होत्या, प्रत्येक तुकड्याला नंबर घातलेला एक व्हॉल्व्ह होता, आणि कोणत्या नंबरला कधी पाणी सोडायचं हे कॉम्प्युटर बघायचा. पाळीवरून होणारी भांडणं त्या वर्षी थांबली. टीव्हीनं सोडलं, टीव्हीनं बंद केलं, असं लोक म्हणायचे आणि गप्प बसायचे.

पंपघर लीलाधर वायकोळेच्या शेतात होतं आणि त्याला इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. म्हणून पाळ्या घालायचं काम त्याच्याकडे आलं.

त्या मशीनचा एक नियम होता. ते बंद करायचं नाही. पहिल्याच महिन्यात कुणीतरी पाळी चालू असताना खटका पाडला, व्हॉल्व्ह उघडेच राहिले आणि एका बागेतल्या केळी मुळाशी कुजून आडव्या झाल्या. तेव्हापासून मोठी बॅटरी जोडली आणि खटक्याला हात लावायला सगळे घाबरू लागले. दसऱ्याला लोक नांगर-विळ्याची पूजा करतात, तशी लीलाधरच्या बायकोनं, कुंदाबाईनं, त्या खटक्याची पूजा केली आणि त्याच्यावर हळदी-कुंकवाची बोटं ओढली. मग तर कुणी तिकडे बघतही नसे.

कुंदाबाईची स्वतःची एक पट्टी होती. लिंबाच्या कुंपणापलीकडे, पाच-सहा वाफ्यांची. त्यात ती भरताची वांगी लावायची. गावातल्या कुणाच्याही घरी शेवभाजी सोडून भरीत असलं की वांगी कुंदाबाईची, असा समज होता. या पट्टीचा नंबर अकरा. पण अकरा नंबरला ठरलेली वेळ द्यायला ती तयार नव्हती.

"माह्या वांग्याले घड्याय समजत नही," ती म्हणाली होती. "मी मातीत हात घालीन अन्‌ सांगीन. तव्हा बंद करजा."

मशीन बसवायला आलेला हाशम शेख हसला, पण त्यानं तशी सोय करून दिली. पट्टीच्या बांधावर एका खांबाला बटण लावलं, तिथून वायर पंपघरात आणली. सकाळी अकरा नंबर आपोआप उघडायचा. कुंदाबाई मातीत बोटं खुपसून बघायची आणि पुरेसं झालं की बटण दाबायची. पंपघरात भिंतीवरची बेल एकदा वाजायची आणि व्हॉल्व्ह बंद व्हायचा. तिनं दाबल्याशिवाय तो बंद होत नसे.

दसऱ्यानंतर तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. गावात मंत्र झाला, झाडपाला झाला, मग जळगावचा दवाखाना. तिला गाडीत बसवलं त्या दिवशी लीलाधरनं पंपघरात जाऊन अकरा नंबर पाळीतून काढून टाकला. बटण दाबायला कुणी नव्हतं, पाणी वाहत राहिलं असतं. ती परत आली की घालू पुन्हा, असं त्यानं तिला खिडकीतून सांगितलं. तिनं मान हलवली.

शेवटी शेवटी तिला गिळता येत नव्हतं. कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावायचा, एवढंच नर्स करू द्यायची. ती डोळ्यांनी तांब्याकडे बघायची.

मार्गशीर्षात ती गेली. त्यानंतर लीलाधर पट्टीकडे फिरकला नाही. बागेत यायचं ते संध्याकाळी, मोटर बघायची, कुलूप लावायचं आणि घरी जायचं. सकाळी उठून काय करायचं हे त्याला कळत नसे. चहा दोन कपांचा व्हायचा.

फाल्गुनात नाला आटला. शेजारच्या जीवराम भारंबेचा नवा तुकडा त्या नाल्यावरच होता. तो येऊन म्हणाला की अकरा नंबरची पाळी रिकामीच आहे, तर ती मला द्या. लीलाधरनं नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. त्यानं जीवरामच्या तुकड्याला बारा नंबर दिला, वेळ घातली, जीवरामला पडदा दाखवला. पडद्यावर दहा होता, बारा होता. अकरा नव्हता.

काही दिवसांनी जीवराम परत आला. तो भांडखोर माणूस नव्हता. बांधावर उकिडवा बसला, काडीनं माती उकरत राहिला.

"लीलाधरभाऊ, टीव्हीत बारा नंबर दिसते. बागेत थेंब येत नही."

"नळी चोंदली असंल."

"नळी म्या फुकून पाह्यली. नव्या पानाचे पोगे जयून राह्यले, भाऊ. हा तुकडा गेला त माहं वरीस गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाधर पाळीच्या वेळेला पंपघरात जाऊन उभा राहिला. कुंदाबाई गेल्यापासून तो सकाळचा पहिल्यांदाच तिथे आला होता. मोटरचा आवाज एकसारखा चालू होता. दहा नंबर बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. मग नळ्यांमधून पाणी वळल्याचा आवाज आला, पण तो जीवरामच्या बाजूला गेला नाही. तो लिंबाच्या कुंपणाकडे गेला.

लीलाधर ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं भिंतीवरची बेल वाजली. एकदाच. व्हॉल्व्ह बंद झाला.

त्याच्या मनात आलं की शाळेची पोरं असतील. तो कुंपणाला वळसा घालून पट्टीत गेला. पट्टीत कुणी नव्हतं. माती ओली होती, चिखल नाही, हवी तेवढीच. वांग्याची झाडं कमरेएवढी होती, हिरवीगार. कार्तिकापासून कुणी तोडणी केली नव्हती. जून झालेलं वांगं पिवळं पडतं, बियांनी फुगतं. तो झाडाझाडापाशी वाकून बघत गेला. पिवळं वांगं त्याला एकही सापडलं नाही. सगळी कोवळी होती.

त्यानं एकही तोडलं नाही. घरी आला आणि जळगावला हाशमला निरोप धाडला.

हाशम एका सकाळी मोटारसायकलवर आला. तरुण होता, डिप्लोमा झालेला, बोलायला मोकळा. त्यानं बसल्या बसल्या काही बटणं दाबली आणि मान हलवली.

"नाना, यात दोन प्रोग्रॅम आहेत. तुम्हाला दिसतो तो लिहिणारा. दुसरा मागे चालतो, तो दिसत नाही, पण व्हॉल्व्ह तोच उघडतो. मशीन सुरू होतं तेव्हा तो सगळ्या पाळ्या एकदा वाचतो आणि डोक्यात धरून बसतो. मग तुम्ही काहीही पुसा, काहीही लिहा, तो परत बघायला येत नाही. त्याच्यासाठी जग तेच, सुरू झालं त्या दिवसाचं."

"म्हणजे त्याला अजून माहीत नाही?"

हाशमला प्रश्नाचा रोख कळला असावा. तो म्हणाला, "नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. मशीन एकदा बंद करून चालू करा, तो नव्यानं वाचेल. अकरा जाईल, बारा येईल. एवढंच आहे."

"अकरा उघडतो ते कळलं," लीलाधर म्हणाला. "बंद कोण करतं?"

हाशमनं वर बघितलं. बटणाचा खटका आत गंजून चिकटला असेल, तो म्हणाला. वायरीत ओल गेली असेल. अशा गोष्टी होतात. दोघं पट्टीकडे चालत गेले, हाशम वायर हातात धरून तिच्या मागोमाग. कुंपणाच्या बुडाशी वायर तुटलेली होती. उंदरानं कुरतडलेली. दोन्ही टोकांचं तांबं हिरवं पडलं होतं.

"ही तर केव्हाची तुटली आहे," हाशम म्हणाला.

पलीकडे पट्टीत पाणी सुटलेलं होतं. ठिबकचे थेंब पडल्याचा बारीक आवाज येत होता. हाशमच्या एका हातात वायरीचं एक टोक होतं, दुसऱ्या हातात दुसरं. दोन्ही टोकांमध्ये वीतभर अंतर होतं. पंपघरात बेल वाजली आणि थेंब थांबले.

हाशमनं दोन्ही टोकं हळूच खाली ठेवली. हात पँटला पुसले. लीलाधरनं चहाचं विचारलं, तर त्याला फैजपुरात काम होतं. गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "खटका तुम्हीच पाडा नाना. पाळी नसेल तेव्हा." मग तो गेला.

लीलाधरनं खटका पाडला नाही. उद्या पाडू, म्हणाला. उद्याचा परवा झाला. तो रोज सकाळी पंपघरात येऊन पोत्यावर बसायचा. अकरा नंबर उघडायचा. बेल वाजेपर्यंत बसायचा आणि मग घरी जाऊन भाकरी खायचा. आताशा त्याला भूक लागत होती.

चैत्राचं ऊन चढलं. गरम वारा सुटला. जीवरामच्या तुकड्यातली पानं कडेनं काळी पडली, मग मधून फाटली. जीवराम आणि त्याची बायको डोक्यावर हंडे घेऊन केळी शिंपत होते. एवढ्या बागेला हंड्यांनी काय होणार. लीलाधरला ते पंपघराच्या दारातून दिसायचं. तो मान दुसरीकडे वळवायचा.

एका सकाळी जीवराम दारात येऊन उभा राहिला. हाशमनं सांगितलेलं फैजपूरच्या बाजारात त्याच्या कानावर आलं होतं. बेलचं त्यानं काही काढलं नाही. कुंदावहिनीच्या हातची वांगी आपण किती खाल्ली, ते बोलला. मग खाली बघत म्हणाला, "तुमच्यानं होत नसंल त मी पाडतो खटका. पन आज पाडा लागीन, भाऊ."

"नको," लीलाधर म्हणाला. "तू नको."

त्यानं दहा नंबर बंद व्हायची वाट पाहिली. हळदीची बोटं अजून पुसट दिसत होती. त्यावर बोट ठेवलं आणि खटका खाली ओढला.

पडदा काळा झाला. मशीनमधला पंखा थांबला. इतके महिने तो पंखा चालू होता हे तो थांबल्यावर कळलं.

त्यानं खटका वर केला.

मशीननं आपलं वाचून घेतलं. खट्ट झालं. पाणी जीवरामच्या बाजूला वळलं. जीवराम बाहेर धावला आणि लांबून त्याचा आवाज आला, "आलं! आलं, भाऊ!"

लीलाधर पोत्यावर बसला. अकरा नंबर उघडला नव्हता. आता उघडणारही नव्हता.

बेल वाजली.

वाजली आणि थांबली नाही. बोट दाबून धरावं तशी वाजत राहिली. जीवराम परत आला, दारातच उभा राहिला. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. मग त्यानं कोपऱ्यातली पकड उचलली आणि बेल भिंतीतून खिळ्यासकट उपटली. ती जमिनीवर पडली, जरा वेळ फरशीवर थरथरली आणि गप्प झाली.

लीलाधर तोपर्यंत कुंपणापाशी पोचला होता.

पट्टीत वांगी नव्हती. काटक्या उभ्या होत्या. त्या आजच्या वाळलेल्या नव्हत्या. पानं केव्हाच गळून उडून गेली होती, काटक्यांत कोळ्यांनी जाळी केली होती, जाळ्यांवर धूळ बसली होती. मातीला हात घालता येईल एवढ्या भेगा होत्या. काल इथे ओल होती, असं कुणाला सांगितलं तर ते खोटं वाटलं असतं.

तो व्हॉल्व्हजवळ बसला. बाजूला हातानं फिरवायचा कॉक होता. त्यानं तो पूर्ण उघडला.

पाणी आलं. सगळ्या नळ्यांतून आलं. लीलाधर एका काटकीच्या बुडाशी पडणाऱ्या थेंबाकडे बघत राहिला. थेंब पडायचा आणि जायचा. डाग राहत नव्हता. त्यानं नळीच उपटली आणि मोकळी धार वाफ्यात सोडली. धार मातीला लागत होती आणि तिथेच संपत होती.

किती वेळ गेला ते त्याला समजलं नाही. पाणी किती द्यायचं हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

जीवराम शिव्या देतच आला. त्याच्याकडचं पाणी पुन्हा बंद पडलं होतं. विहिरीनं तळ दाखवला होता, मोटर घरघर करत होती. त्यानं येऊन कॉक बंद केला आणि लीलाधरचा खांदा धरला. काहीतरी बोलणार होता. मग त्याची नजर वाफ्यावर गेली.

"एवढं पानी गेलं कुठी?"

लीलाधरनं नुसतं भेगेकडे बोट दाखवलं.

जीवराम खाली बसला. त्यानं भेगेत हात घातला. मनगटापर्यंत घातला, मग कोपरापर्यंत. बाहेर काढला. हाताला कोरडी धूळ होती. त्यानं ती बोटांनी चोळून पाहिली. त्याचा स्वतःचा तुकडा कुंपणापलीकडे दिसत होता, नुकता कुठे ओला झालेला.

तो उठला. बांधापाशी जाऊन त्यानं देवळात शिरताना काढतात तशा पायातल्या चपला काढून ठेवल्या. अनवाणी परत आला आणि लीलाधरकडे न बघता कॉक पुन्हा उघडला.