खारट पापीचं निदान

डॉक्टर उर्वशी डबा घेऊन प्रयोगशाळेबाहेर पडली आणि धावत येणाऱ्या माणसावर आदळली. पोहे फरशीवर सांडले. त्यानं मात्र हातातली इवलीशी बाटली छातीशी धरून वाचवली.

"आणि माझे पोहे?"

"पोहे मी आणून देतो… आधी एवढं बघता का, प्लीज?"

तो प्रफुल्ल, यवतमाळच्या त्याच इस्पितळातला नवा सर्जन. बाटलीत चार दिवसांच्या मुलीच्या आतड्याचा कण होता. कापसाला भाव नाही म्हणून त्या वर्षी सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडलेली. तिथली कामगार कौसल्या फुगल्या पोटाची लेक घेऊन दारव्ह्याहून जीपनं आली होती. पोरीनं अजून शी केली नव्हती.

"आतडं हलवणाऱ्या मज्जापेशीच नसाव्यात," प्रफुल्ल म्हणाला. "तसं असेल तर पोट उघडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. खांद्याला खांदा लागला… कुणीच सरकलं नाही.

"पेशी आहेत," उर्वशी हळूच म्हणाली. "पण नसांचे गुच्छ बघा— जाड, गुंतलेले. सिस्टिक फायब्रोसिसच्या बाळांत असं दिसतं, मी वाचलंय. त्यांची पहिली शी डिंकासारखी चिकटून बसते."

"तो आजार आपल्याकडे नसतो म्हणतात."

"शोधलाय कुणी?"

ती थेट कौसल्याकडे गेली. "ताई, बाळाची पापी घेतली की कशी लागते?"

कौसल्या चमकली. "खारट लागते, मॅडम! तुमाले कसं माहीत?"

प्रफुल्लनं उर्वशीकडे पाहिलं. "चुकलो, तर पोर हातची जाईल."

"माहितेय. पण या आजारात घाम फार खारट असतो, म्हणूनच सांगतेय— पोट उघडू नका, आधी आतडं धुऊन बघा."

त्यानं ऑपरेशन थांबवलं. दोन दिवस तो खालून औषधाचं पाणी सोडून आतडं धूत राहिला. उर्वशी तिथून हलली नाही. तिसऱ्या दुपारी तो भरलेलं दुपटं नाचवत व्हरांड्यात आला.

"झाली! शी झाली!"

सगळा वॉर्ड टाळ्या पिटू लागला. त्या गलक्यातच तो म्हणाला, "उर्वशी, मले… लग्न करायचं आहे तुझ्याशी."

"हे हातात धरून विचारतोस?"

"मग काय धरू?"

"माझा हात." ती लाजून हसली. "पण आधी साबणानं धुऊन ये!"

पुढच्या महिन्यात नागपूरहून घामाच्या तपासणीचा निकाल आला. उर्वशीचं निदान खरं ठरलं. आजार जन्माचा होता, पण दूध पचवणाऱ्या औषधाची पूड सुरू झाली आणि पोरीच्या अंगी दूध लागू लागलं.

"माही पोरगी तं जिंकली," कौसल्या म्हणाली. "तुमचं लग्न कधी आहे, मॅडम?"

"येत्या रविवारी," प्रफुल्लच मध्ये बोलला. "आणि पहिल्या रांगेत ही पोर पाहिजे!"