वायर ओढायची नाही

बालाजी पहिल्यांदा भार्गवीच्या घरात शिरला आणि थोड्याच वेळात त्यानं सगळं घर अंगणात काढलं.

दोष त्याचा नव्हता. म्हणजे होता, पण मुद्दाम केलेला नव्हता. तो कॉम्प्युटरला इंटरनेट जोडायला आला होता. फोन एका भिंतीशी, कॉम्प्युटर समोरच्या भिंतीशी आणि मधे एक फळी. फळीवरून वायर नेताना ती तिथल्या भांड्यांच्या उतरंडीला अडकली. तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर झाकणी... सगळं खणाखण खाली आलं.

लातूरचा भूकंप होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. जमीन हलली की आधी भांडी पडतील आणि माणसं जागी होतील, म्हणून त्या वर्षी गल्लीत घरोघरी अशा उतरंडी रचल्या होत्या. बाकीच्यांनी त्या कधीच मोडून भांडी वापरायला काढली. भार्गवीच्या वडलांच्या, म्हणजे राघवेंद्रसरांच्या घरातली मात्र अजून नोकरीवर होती. ती पडली की विचारत बसायचं नाही, हाताला येईल ते घ्यायचं आणि अंगण गाठायचं, हा घरचा कायदा.

सर प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आले. त्यांच्या मंडळी, महानंदाबाई, देवांचा डबा घेऊन आल्या. आणि न्हाणीतून धावत आली भार्गवी... ओल्या केसांना पंचा, गालावर साबणाचा फेस, आणि कडेवर मूल घ्यावं तशी लोणच्याची बरणी.

शेवटी बालाजी आला. हातात मॉडेम. सगळे धावले म्हणून तोही धावला होता.

"भूकंप न्हाई, सर," तो म्हणाला. "मी हाय."

भुरभुर पाऊस होता. अंगणातल्या पत्र्याच्या शेडवर त्याची कुजबुज चालली होती. हे शेड भूकंपाच्या वर्षी झोपायला बांधलेलं. भीती ओसरली, शेड उरलं. आणि लातुरात रिकामं शेड फार दिवस रिकामं राहत नाही, त्यात फिजिक्सचा क्लास निघतो. आतली बारावीची पोरं खिडकीतून हा प्रकार पाहत होती.

सरांनी गठ्ठा सावरला आणि एखादा नियम सांगावा तशा आवाजात म्हणाले, "संकटात माणूस काय उचलतो, त्यावरून माणूस कळतो. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं.

बालाजी भार्गवीकडं बघत होता. "तुम्ही लोणचं वाचवलं?"

"मग काय वाचवायचं?"

"न्हाई, बाया दागिने घेत्यात म्हणं."

"दागिन्याला लावून भाकरी खाता येते का? भूकंप झाला तरी रात्री जेवायचं असतंच की."

बालाजी चाकूरच्या शेषेरावांचा मुलगा. शेषेरावांनी त्याला डॉक्टर व्हायला लातूरला धाडलं होतं. सरांच्याच क्लासला तो शेवटच्या बाकावर दोन वर्षं बसला, आणि फिजिक्सनं व त्यानं एकमेकांना सन्मानानं निरोप दिला. मग त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत दुकान टाकलं. त्याच्याकडं प्रत्येक बिघाडावर दोन उपाय होते. एक, 'रिस्टार्ट करून बघा.' दोन, 'येऊन बघावं लागंल.' भार्गवीच्या घरी पहिला उपाय कधीच लागू पडत नसे.

तसा कॉम्प्युटर सरांनी घेतला होता समोरच्या केमिस्ट्रीच्या क्लासवाल्यानं घेतला म्हणून. वापरायची भार्गवी. बीएस्सी झाली होती, क्लासचे पेपर टाइप करायची. आणि कॉम्प्युटरही कसा गुणी, आठवड्यातून एकदा नेमका बिघडायचा.

"बंद करताना बटन दाबू नका बरं का," बालाजी सांगायचा. "आधी शटडाऊन म्हणायचं. त्याला जरा आवरू द्यायचं. पाहुण्याला आपण कसं... हाताला धरून बाहेर काढतो का?"

"तुम्हाला कुठं काढलं अजून?"

"म्हणूनच बसून राहिलो की."

एकदा कीबोर्डची बटणं अडकायला लागली. बालाजीनं तो वर्तमानपत्रावर पालथा घातला आणि पाठीवर हलक्या चापट्या मारल्या. चिवड्यातले पोहे पडले, तीळ पडले, एक लाल टिकली पडली.

"कीबोर्डवर बसून खायचं नसतं," तो गंभीरपणे म्हणाला.

"टिकली मी खाल्ली नव्हती."

"ही तपासावी लागंल." त्यानं टिकली उचलून शर्टाच्या खिशात टाकली. "दुकानात नेऊन."

पुढं त्या टिकलीचा अहवाल काही आला नाही. भार्गवीनंही मागितला नाही.

मग ई-मेल. "ओळख नसलेल्याची मेल उघडायची न्हाई. लॉटरी लागली, बक्षीस लागलं, कायबी लिहितील. व्हायरस येतो."

"आणि ओळख असलेल्याची येतच नसेल तर?"

बालाजीनं खालमानेनं स्क्रूड्रायव्हर पुसला. दुसऱ्या दिवशी मेल आली, 'टेस्ट मेल. पोचली का कळवावे.' उत्तर गेलं, 'पोचली. पुन्हा टेस्ट करावी.' त्यानंतर लातूर शहरात त्या पावसाळ्यात एवढं टेस्टिंग दुसऱ्या कुठल्या जोडणीचं झालं नसेल.

पासवर्डचा प्रसंग जरा नाजूक होता. "सोताचं नाव ठेवायचं न्हाई," तो म्हणाला. "जन्मतारीख न्हाई, वडलांचं नाव तर अजिबातच न्हाई. असं काहीतरी, जे मनात असतं पण घरात कुणाला ठावूक नसतं. आन् कुणाला सांगायचं न्हाई."

भार्गवी थांबली... त्याच्याकडं न बघता हसली... आणि तिनं टाइप केलं. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या. सहा.

बालाजीनं मनातल्या मनात आपलं नाव इंग्रजीत लिहून पाहिलं. सहा! संध्याकाळी चाकूरच्या एसटीत तो हवेत तरंगतच चढला. खिडकीशी बसून भिजलेल्या सोयाबीनकडं बघत राहिला. घरणी नदीच्या पुलापाशी त्याच्या डोक्यात आलं, 'नांदेड'ची अक्षरंसुद्धा सहाच होतात.

नांदेड डोक्यात यायला कारण होतं. आदल्याच आठवड्यात नांदेडचे रेणुकादासराव, त्यांच्या पत्नी आणि चिरंजीव अनय येऊन भार्गवीला बघून गेले होते. अनय हैदराबादला नोकरीला, कमरेला मोबाइल. पोहे खाताना त्यानं भार्गवीला एकच प्रश्न विचारला होता, "टायपिंगचा स्पीड किती?" निघताना रेणुकादासराव म्हणाले, "फोनवर कळवतो." आणि सर म्हणाले, "तुमचा होकार आला की आमचा होकार समजा. माझा शब्द."

सरांचा शब्द म्हणजे न्यूटनचा. तो मोडता येत नव्हता. पण होकार फोनवर यायचा होता... आणि फोनच्या वायरीला मॉडेम लागला होता.

भार्गवीनं बालाजीला हे सांगितलं तेव्हा तो कॉम्प्युटरखाली शिरून धूळ झाडत होता.

"नांदेडहून फोन येणार आहे."

धूळ झाडायची थांबली. "पार्टी... चांगली हाय का?"

"मोबाइल आहे कमरेला."

"मग चांगलीच म्हणायची."

"तुम्हाला काही बोलायचंय का?"

बालाजीला पुष्कळ बोलायचं होतं. पण जीभ सवयीची गुलाम. "एकदा... रिस्टार्ट करून बघा," तो म्हणाला.

भार्गवी ताडकन उठली. "मी रोज संध्याकाळी नेट लावून बसणार आहे. काही सुचलं तर टेस्ट करा. नाहीतर राहू द्या!"

तो दारातून वळून एवढंच म्हणाला, "नेट लावा, पण वायर ओढायची न्हाई. ती अजून फळीवरनं तशीच लोंबतीय. आधी डिस्कनेक्ट म्हणायचं, मग हात लावायचा. सरांनाबी सांगा."

सरांना सांगून उपयोग नव्हता. सर कुठलंही यंत्र वायर ओढून बंद करायचे. पंखासुद्धा.

तर रोज संध्याकाळी मॉडेम कुंई-किर्र-खर्र करायचा आणि घराचा फोन एंगेज व्हायचा. भार्गवी मेलची वाट बघत बसायची. आणि बालाजी? त्याला वाटायचं, असलं काही लिहून कळवणं बरं नव्हं, आपल्या आवाजात सांगावं. तो चौकातल्या एसटीडीवाल्याकडं जाऊन फोन लावायचा. टुं-टुं-टुं. नांदेडला रेणुकादासराव फोन लावायचे. टुं-टुं-टुं. एकाच मुलीसाठी दोन गावांतले दोन पुरुष तीच एक धून ऐकत होते.

महानंदाबाईंना सगळं दिसत होतं. त्या कॉम्प्युटरपाशी चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बस गं, बस. फोन काय, आज नाही तर उद्या वाजेल."

सरांना यातलं काही कळलं नाही, कारण संध्याकाळी ते शेडमध्ये शिकवत असत. उलट त्यांची भरभराट झाली. 'सरांचा फोन सारखा एंगेज लागतो,' अशी बातमी पालकांत पसरली, आणि एंगेज फोन म्हणजे फुल्ल क्लास, हे लातुरातलं पोरही सांगेल. निलंग्याहून, उदगीरहून पालक जीप करून येऊ लागले. केमिस्ट्रीवाल्यानं म्हणे आपला रिसीव्हर काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली.

आणि एका रविवारी संध्याकाळी दारात जीप थांबली. ती पालकांची नव्हती.

"काय हो सर!" रेणुकादासराव पायातलं काढत म्हणाले. "फोन लावून लावून बोट झिजलं माझं. मंडळी म्हणाली, चला, समक्षच जाऊ."

अनय खुर्चीत बसून मोबाइलकडं बघत होता. पोहे आले. रेणुकादासरावांनी बशी घेतली आणि घसा साफ केला. "तर सर... आमच्याकडून..."

भार्गवी कॉम्प्युटरपाशी उभी होती. एक शब्द पडायचा बाकी होता. तो पडला की सरांचा शब्द आपोआप पडणार होता.

तेवढ्यात दारात बालाजी आला. भिजलेला, धाप लागलेला. फोन लागत नव्हता, म्हणून तोही समक्षच आला होता. बोलायचं ते पाठ करून आला होता आणि समोरची जीप बघून सगळं विसरला होता.

"तू कशाला आलास?" सर म्हणाले.

"सर, मी... ते... वायर बघायला."

"आमच्या फोनला काही झालंय का रे? हे म्हणतात, लागतच नाही."

"बरं, ते राहू द्या," रेणुकादासराव म्हणाले. "सर, आमच्याकडून..."

"थांबा हो. आधी फोन बघू," सर म्हणाले. क्लासच्या फोनला बिघाड हा त्यांना मुलीच्या लग्नापेक्षा तातडीचा वाटला. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. आतून कुंई-किर्र-खर्र. सरांनी वायरीकडं बघितलं. वायर फोनवरून फळीकडं, फळीवरून कॉम्प्युटरकडं आणि कॉम्प्युटरपाशी भार्गवी. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे रोज..."

त्यांनी वायर मुठीत धरली.

"सर, वायर ओढू नका!" बालाजी ओरडला.

सरांनी ओढली.

तांब्या, पेला, वाटी, झाकणी... खण्ण!

कायदा तो कायदा. कुणी विचार केला नाही; उतरंड पडली म्हणजे काय, हे नांदेडलाही ठाऊक होतं. पहिला अंगणात आला अनय, आईला ओलांडून, मोबाइल दोन्ही हातांत धरून. मागून त्याची आई, एका हातात स्वतःची चप्पल, दुसऱ्या हातात कुणाची तरी. मग रेणुकादासराव पोह्यांच्या बशीसकट. महानंदाबाई देवांचा डबा घेऊन. सर रिसीव्हर घेऊन, मागं लोंबती वायर.

आणि सगळ्यात शेवटी भार्गवी.

तिच्या उजव्या हातात बालाजीचं मनगट होतं. डाव्या हातात काहीच नव्हतं.

जमीन हलत नव्हती, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. भार्गवीलाही कळलं होतं. तिनं मनगट सोडलं नाही.

शेडमध्ये रविवारची जादा बॅच चालू होती. खिडकीत पोरं गोळा झाली, आणि त्यातल्या एका हुशार पोरानं हळूच वहीचं मागचं पान काढून तो जुना नियम वाचला.

पत्र्यावरून पाणी टपकत होतं. शेवटी महानंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "लोणचं आतच राहिलं गं तुझं."

"राहू दे," भार्गवी म्हणाली.

सरांनी लेकीच्या हाताकडं बघितलं. मग हातातल्या रिसीव्हरकडं. नियम त्यांचाच होता आणि प्रयोग पोरांसमोर झाला होता. सिद्ध झालेलं खोडायचं कसं, हे त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं.

रेणुकादासरावांनी बशी पायरीवर ठेवली. शहाणा माणूस. "सर, आम्ही... नांदेडला पोचलो की फोन करतो."

सरांनी लोंबती वायर रिसीव्हरला गुंडाळली. मग म्हणाले, "करा. पण आमचा फोन लागत नाही हो. एंगेज असतो."

जीप गेली. सर बालाजीकडं वळले. "वायर अशी लोंबती ठेवतात होय रे? फिजिक्समध्येसुद्धा तू असलंच अर्धवट करायचास."

"हाव, सर. उद्या येऊन ठोकतो."

"एकट्याचं काम नाही ते. लांब आहे वायर." सरांनी चष्मा पुसला. "येताना तुझ्या वडलांना, शेषेरावांना घेऊन ये. म्हणावं, जेवायलाच या."

ते शेडकडं निघून गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "काय बघता रे? पान उलटा!"

महानंदाबाई उतरंड रचायला आत गेल्या. अंगणात दोघंच राहिले. मनगट अजून धरलेलंच.

"मी बोलायचं पाठ करून आलतो," बालाजी म्हणाला. "आता काय आठवंना."

"रिस्टार्ट करून बघा."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "एकच विचारतो... त्या सहा चांदण्या... नांदेड न्हवतं ना?"

भार्गवीनं त्याच्या खिशाकडं बघितलं. ओल्या शर्टातून लाल ठिपका दिसत होता.

"पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत की."